शावुओत: तारीख मोजून का येते?

प्रश्न: ज्यूंच्या शावुओत या सुगीच्या सणाची नेमकी तारीख तोरा या त्यांच्या धर्मग्रंथामध्ये दिलेली नाही, मग तो ठरतो कसा, हे कोणी जाणकार सांगू शकतील का?

पहिले उत्तर: हा सण तिथीने नव्हे, मोजणीने येतो. पेसाह म्हणजे वल्हांडण, इजिप्तच्या गुलामीतून सुटकेचा सण; त्याच्या दुसऱ्या दिवशी जवाच्या नव्या पिकाचा नैवेद्य जेरुसलेमच्या मंदिरात अर्पण होई. तेव्हापासून एकेक दिवस मोजत 49 दिवस, म्हणजे सात आठवडे, पूर्ण केले की 50वा दिवस शावुओतचा. शब्दाचा अर्थही ‘आठवडे’ असाच आहे. तोवर गहू कापणीला आलेला असे, म्हणून नव्या गव्हाच्या, खमीर घातलेल्या दोन भाकरी वाहत. पेसाहला जे खमीर पूर्ण वर्ज्य, तेच इथे मुद्दाम सांगितले आहे, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

दुसरे उत्तर: एक पुस्ती जोडतो. पूर्वी महिना चंद्रदर्शनाने ठरत असल्यामुळे हा दिवस सिवान या ज्यू महिन्याच्या 5, 6 किंवा 7 तारखेला येई; गणिती पंचांगात तो 6 सिवानला, साधारण मे-जूनमध्ये, येतो.

तिसरे उत्तर: सिनाय पर्वतावर तोरा मिळाल्याचा संबंध या सणाशी नंतरच्या परंपरेने जोडला. हिब्रू बायबलमधला रूथचा ग्रंथही या सणाला वाचतात, कारण ती कथा जव आणि गव्हाच्या कापणीतच घडते.