वाया गेलेले सुपरहिरो (अनुभव धागा)

रविवारी टीव्हीवर पुन्हा 'हॅनकॉक' (२००८) लागला होता. लॉस एंजेलिसच्या एका बाकड्यावर पिऊन पडलेला विल स्मिथ. एक पोरगं येऊन उठवतं, तर हा बाटलीसकट उडतो आणि वाटेत हायवेचे बोर्ड फोडत जातो. बायको म्हणाली, "आमच्या मधल्या काकांना उडता आलं असतं तर त्यांनी हेच केलं असतं."

म्हणून हा धागा. परीक्षणं नकोत, ती ढिगानं आहेत. असा एखादा धड नसलेला हिरो तुमच्या घरात कुठून शिरला, तेवढं लिहा. रहस्यभेद होणारच, आधीच सांगतोय.

अर्धी_चपाती
काका भारी! पण 'हॅनकॉक' मध्यंतरानंतर घसरतो हो. दारू सुटली आणि चामड्याचा टाइट सूट घातला की मजा गेली.

रात्रपाळी
माझा 'अनब्रेकेबल' (२०००). बाबा पुण्यात एका सोसायटीत वॉचमन होते, बावीस वर्षं. शाळेत कुणी विचारलं तर मी "सिक्युरिटीत आहेत" म्हणायचो. म्हणजे खोटं नाही, पण खरंही नाही.

इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर मित्राच्या लॅपटॉपवर हा सिनेमा पाहिला. ब्रूस विलिस फिलाडेल्फियातल्या स्टेडियमवर गार्ड असतो. संसार मोडकळीला आलेला, माणूस गप्पगप्प. त्याला कधी काही लागत नाही, पण पाण्यात पडला की संपला. आणि त्याचा सुपरहिरोचा पोशाख काय, तर ड्युटीवरचा रेनकोट! टोपीवाला, पाठीवर 'सिक्युरिटी' लिहिलेला. बाबांचा तसलाच होता, निळा. बगलेत फाटलेला, आईनं आतून सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला होता. पावसाळाभर दाराच्या खिळ्यावर टांगलेला असायचा, खाली पाणी ठिबकायला गोणपाट.

शेवटाकडे नाश्त्याच्या टेबलावर तो पोरापुढे पेपर सरकवतो. पेपरात त्या रेनकोटवाल्या अनोळखी माणसाचं रेखाचित्र. पोरगं वर बघतं, बाप नुसती मान हलवतो. बायकोला पत्ता नाही. मी उठून गॅलरीत गेलो. मित्राला वाटलं, फोन आलाय.

साखर_कमी
@रात्रपाळी, आवंढा आला.

मी नर्स आहे. 'मर्द को दर्द नहीं होता' बघताना सगळे हसत होते आणि मी अवघडून बसले होते. हिरोला जन्मतः वेदनाच कळत नाही. पाठीवर पाण्याची पिशवी आणि नळी, कारण अंगातलं पाणी कमी झालं की गडबड. नातवाला सगळं शिकवणारे आजोबा आपले महेश मांजरेकर, झकास! पण आमच्या आजीला मधुमेहानं तळपायाची जाणीव गेली होती. बंबातून पडलेल्या निखाऱ्यावर पाय देऊन ती उभी, आणि "काय जळतंय गं?" असं आम्हालाच विचारत होती. त्या दिवसापासून रोज रात्री बॅटरी घेऊन तिचे तळवे तपासायचे, हे काम माझं.

जाडा_पण_प्रेमळ
'अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम' (२०१९) मधला सुटलेल्या पोटाचा 'थॉर', तो हातोडावाला देव. ठाण्याच्या थिएटरात पब्लिक खदाखदा हसत होतं. माझी नोकरी जाऊन आठ महिने झालेले, वजन एकवीस किलोनं वाढलेलं, दाढी साधारण तीच. तोही तेच करत होता की, बिअर आणि व्हिडिओ गेम. मग आईसमोर रडतो, हात पुढे करतो आणि फक्त लायक असेल त्याच्याकडेच येणारा हातोडा येतो त्याच्याकडे, पोटासकट. लिहिणाऱ्यांनी त्याच्यावर एवढे विनोद केले याचा राग आजही आहे. पण हातोड्याच्या वेळी मी शिट्टी मारली, आयुष्यातली पहिली. नीट वाजली नाही.

अर्धी_चपाती
मीही हसलो होतो त्या सीनला. सॉरी रे.

उसवण_टिपण
घरी शिवणकाम, त्यामुळे 'मिन्नल मुरळी' (२०२१) बघणं भागच होतं. केरळच्या खेड्यातला शिंपी, डोक्यात सतत अमेरिका, अंगावर वीज पडते. टोविनो थॉमस देखणा आहेच, पण मला शिबूनं रडवलं. वीज त्याच्याही अंगावर पडते. चहाच्या टपरीवर राबणारा, गावानं वेडा ठरवलेला माणूस. जिच्यावर जीव होता तिच्यासाठी इतकी वर्षं थांबला, ती एकदाची हो म्हणते आणि गाव घरच पेटवतं. व्हिलन म्हणवत नाही त्याला. आमच्या गल्लीतही असा एक आहे. त्याचे शर्ट मी अल्टर करून देते, पैसे घेत नाही. सिनेमा बघायच्या आधी घ्यायचे.

दुसरा_मजला
'लोगन' (२०१७). वडिलांना स्मृतिभ्रंश होता, चार वर्षं. सिनेमात लोगन हा हिरो आपल्या म्हाताऱ्या गुरूला, प्रोफेसर झेव्हियरला, सांभाळतो. त्या गुरूचं जगातलं सगळ्यात ताकदवान डोकं बिघडलेलं, झटका आला की आजूबाजूची माणसं थिजतात. लोगन चिडतो, शिव्या घालतो, गोळ्या भरवतो, उचलून जिना चढवून पलंगावर ठेवतो. लोगनच्या हातातून निघणाऱ्या वाघनखांपेक्षा ते उचलणं लक्षात राहिलं. मान सांभाळायची असते, मग कंबरेत कळ येते. याहून जास्त आज लिहिता येणार नाही.

साखर_कमी
@दुसरा_मजला, नका लिहू. वाचलं.

@रात्रपाळी, बाबांना दाखवलात का हो तो सिनेमा?

रात्रपाळी
दाखवला, रिटायर झाल्यावर. अर्ध्यात घोरायला लागले. शेवटी जागे झाले आणि म्हणाले, "रेनकोट बरा होता त्याचा. टोपी खोल होती."