रस्त्याकडेला पेटलेली गाडी: आपल्याकडून झालेल्या चुका लिहूया

बंबवाला_काका

परवा साताऱ्याहून पुण्याला येताना खंबाटकीच्या बोगद्याअलीकडं गाड्या तुंबल्या होत्या. पुढं काळा धूर. जावई म्हणाला, बाबा, बसा गाडीतच. पण पाय थांबतात होय? उतरून चालत गेलो. एक कार पेटलेली, बंब आलेला, चार पोरं कामाला लागलेली. जे बघितलं त्यानं रात्रभर डोळा लागला नाही.

बंब पेटलेल्या कारच्या पुढं नेऊन लावला होता. एक लेन चालू होती, आणि मागून येणारी वाहनं आणि ही पोरं यांच्यामध्ये आडोसा म्हणून काही नाही. नळी धरलेला पोरगा बॉनेटच्या बरोबर समोर, तोंडाला ओला रुमाल. बीए सेट, म्हणजे धुरात श्वास घ्यायची टाकी आणि मास्क, कप्प्यात तसाच. मी ओरडलो, "बाळा, समोरून हो बाजूला, कोपऱ्यावरून मार पाणी!" त्याला काय वाटलं कोण जाणे, पण सरकला. मग त्यांच्या साहेबांना हात जोडून सांगितलं, बंब मागं घ्या.

मला १९९६ आठवलं. दिवाळीच्या आधीची रात्र, दोनच्या सुमारास वर्दी, म्हणजे आगीची खबर, आली की घाट उतरल्यावर एक व्हॅन पेटलीय. आत माणूस नाही. साधी वर्दी, म्हणून आम्ही सगळे निम्मे झोपेत. आमच्या फायर स्टेशनात सगळ्यांत जुने होते त्यांना आम्ही दादा म्हणायचो. दादांनी उतरतानाच मला सांगितलं, "विजेरी घे, मागं शंभर पावलं जा, गाड्या थांबव." तेव्हा तिशीही ओलांडली नव्हती. समोर आग असताना पाठ फिरवून अंधारात उभं राहायचं जिवावर आलं. वीसेक पावलं गेलो, नळीला पीळ पडलेला दिसला आणि परत आलो. मला जागा द्यायला दादा दोन पावलं मागं सरकले. तेवढ्यात एका ट्रकचा आरसा त्यांच्या खांद्यावर बसला. तो आवाज अजून कानात आहे. ट्रक थांबलासुद्धा नाही.

व्हॅन विझली, भंगारात गेली असेल. दादांचा उजवा हात पुन्हा खांद्याच्या वर गेला नाही. उरलेली नोकरी त्यांनी वॉचरूममध्ये फोन घेत काढली. कागदावर लागलं "अज्ञात वाहनाची धडक". मी जागा सोडली होती हे त्यात नाही. आज पहिल्यांदा लिहितोय.

१४ एप्रिल १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या अग्निशमन दलाच्या ६६ जवानांना आपण दरवर्षी मानवंदना देतो, द्यायलाच हवी. पण अशा साध्या वर्दीवर जायबंदी झालेल्यांचं कुणी लिहून ठेवत नाही. ज्यांनी ज्यांनी हे काम केलंय त्यांनी लिहा. नाव नको, गावही नको. चूक लिहा.

सई_कऱ्हाडची

काका, वाचून पोटात तुटलं. तुम्ही एवढी वर्षं हे एकट्यानं वाहिलंत.

माझे वडील फायरमन होते. गाडीच्या आगीवरून आले की डांगरी आई आमच्याच बादलीत भिजवायची, माझ्या शाळेच्या ड्रेसबरोबर. तो जळक्या सीटचा वास दोन-दोन धुण्यांत जायचा नाही. बाबा म्हणायचे, इमारतीत मास्क लागतो, रस्त्यावर मोकळी हवा असते, कशाला ती टाकी पाठीवर घ्यायची. सीटच्या फोमच्या धुरात सायनाइडचा वायू असतो हे त्यांना कुणी सांगितलंच नसावं. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं अग्निशमनाचं कामच कर्करोगकारक गटात घातलं, ते वाचलं तेव्हा बाबांना जाऊन चार वर्षं झाली होती. फुप्फुसं.

तुमच्यापैकी जे अजून नोकरीत आहेत त्यांनी कपडे घरी आणू नका. निदान पोरांच्या कपड्यांत टाकू नका. बाकी काही मागत नाही.

घाटपायथा

सईताई 🙏

आमच्याकडं अजून धुणं घरीच. स्टेशनात नळाला पाणी दिवसाआड.

पंपऑपरेटर_निवृत्त

बंब पुढं का लावतात सांगतो, कारण मीपण लावलाय. पाण्याचा दाब सुरू करायची घाई असते. शिवाय आपल्याला वाटतं, पुढं गेलो की निघायला बरं. पण उतारावर पेट्रोल खाली वाहतं. माझ्या वेळी टाकी फुटली आणि जळतं पेट्रोल रस्त्याकडेच्या चरातून सरळ माझ्या पुढच्या चाकाखाली आलं. साडेचार हजार लिटर पाणी पाठीवर घेऊन मी स्वतःच पेटायला आलेलो. गिअर टाकला आणि जोडलेल्या नळ्यांसकट बंब पळवला. कपलिंग तुटलं, त्याची भरपाई पगारातून कापली. कापू देत.

वाऱ्याची दिशा आणि उतार बघायला पाच सेकंद लागतात. ती पाच सेकंदं मी नोकरीच्या अठराव्या वर्षी शिकलो.

कुकरच्या_शिट्ट्या

मी यातली नाही, फक्त वाचतेय. एकच विचारते, आपल्या कारमध्ये एक्स्टिंग्विशर ठेवायचा तर कोणता? अहो म्हणतात डिकीत टाकू. परत येते, भात लागतोय.

घाटपायथा

ताई, डिकीत नको, ड्रायव्हरच्या सीटखाली. डिकीच पेटली तर काढणार कुठून? पावडरवाला एक किलोचा पुरतो, पण तो सुरुवातीच्या आगीलाच. बॉनेटमधून धूर येत असेल तर बॉनेट सताड उघडायचं नाही. हवा मिळाली की भडका तोंडावर येतो. फटीतून मारायचा. आणि नाहीच विझलं तर सोडून द्यायची, लांब उभं राहून १०१ नाहीतर ११२. गाडीचा विमा असतो.

भुवया_गेलेला

बॉनेटचा विषय निघालाच आहे तर. पहार घालून मी बॉनेट उचकटलं, हेल्मेटची काच वर केलेली, कारण घामानं धुकं धरलं होतं. भडका आला. भुवया, पापण्या, नाकाचा शेंडा. लग्नाला बावीस दिवस राहिले होते. बायको लग्नातल्या फोटोंत माझ्याकडं बघून अजून हळहळते.

पण खरी गोष्ट पुढची. त्याच गाडीची डिकी. ती उचलून धरायला गॅस भरलेले दोन दांडे असतात, आपण त्याला शॉकर म्हणतो. तापला की तो भाल्यासारखा सुटतो. माझा जोडीदार डिकीच्या मागं उभा होता, मला जळलेलं बघून धावत आला, आणि तो दांडा तो उभा होता तिथून गेला. पलीकडच्या बाभळीत घुसलेला सकाळी सापडला. मी भाजलो म्हणून तो वाचला, असं त्याची आई म्हणते.

तेव्हापासून समोरून नाही, मागून नाही. कोपऱ्यावरूनच.

सिंदखेडचा_गडी

भाऊ, मी काही फायरवाला नाही. १ जुलै २०२३ ले समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ बस जळली, २५ माणसं गेली, तेव्हापासून आमच्या गावची पोरं रात्री फोन आला की टँकर घेऊन निघते. शेतातला पाण्याचा टँकर.

मागच्या उन्हाळ्यात ट्रकचं मागचं चाक पेटलं होतं. मी चाकाच्या अगदी बाजूले उभा राहून बादलीनं पाणी मारत होतो. ड्रायव्हर सरदारजी होता, त्यानं मले कॉलर धरून ओढलं. मले राग आला, म्हटलं, मदत करतो अन् हा ओढते काहून! तेवढ्यात टायर फुटलं. रिमची कडी निघून तुरीच्या वावरात गेली, जिथं मी उभा होतो तिथूनच.

टायर फुटते ते बाजूनं फुटते. चाक पेटलं असंन तर ट्रकच्या पुढून नाहीतर मागून जा. हे मले त्या सरदारजीनं रस्त्यावर बसून काडीनं मातीत काढून दाखवलं.

पंपऑपरेटर_निवृत्त

@सिंदखेडचा_गडी, पोरांनो, तुमचं कौतुक आहे पण नायलॉनचे टी-शर्ट घालून जाऊ नका, अंगाला चिकटतात. सुती घाला. फुल बाह्या. पायात चप्पल नको.

सिंदखेडचा_गडी

हो काका. चप्पलच होती.

नगरपालिकेचा_९८

@भुवया_गेलेला, तुम्ही ट्रेनिंगला मेसच्या कोपऱ्यातल्या खोलीत होता का? शिडीवरून उतरताना गाणी म्हणणारे?

भुवया_गेलेला

अरे!!! तू तो पिठलं मागून मागून खाणारा का? कुठं आहेस? नंबर कळव व्यक्तिगत निरोपात.

नगरपालिकेचा_९८

तोच. कळवला. तुझ्या भुवया तेव्हा फार दाट होत्या रे.

धाग्याला धरून माझंही लिहितो. कसाऱ्याच्या चढावर टेम्पो पेटला होता. इंजिनची आग विझत आली, आम्ही नळी सैल सोडली, एक जण पाणी प्यायला मागं गेला. हँडब्रेकची केबल जळालेली आमच्या ध्यानातच नाही. टेम्पो आवाज न करता मागं सरकायला लागला. पाणी पिणारा पोरगा टेम्पो आणि बंब यांच्या मधोमध, तोंड वर करून बाटली लावलेली. मी ओरडलो तर आवाज फुटेना. क्लीनरनं रस्त्यावरचा दगड चाकाला लावला. हातानं. त्याची दोन बोटं गेली.

लाकडी ठोकळे बंबात होते. चार. रंगवलेले, नंबर टाकलेले, तपासणीला दाखवायला. त्या क्लीनर पोराला दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा तो मलाच म्हणाला, साहेब, टेन्शन घेऊ नका. एकोणीस वर्षांचा होता. आता उतरल्याबरोबर पहिला ठोकळा मी स्वतः लावतो, नळी नंतर.

कुकरच्या_शिट्ट्या

दोन बोटं 😢 त्याला काही मदत मिळाली का?

नगरपालिकेचा_९८

आम्ही स्टेशनात वर्गणी काढली. आता त्याची स्वतःची पंक्चरची टपरी आहे. जातायेता थांबतो.

जर्सीकर

मी नोकरीनं संगणकवाला, पण इथं न्यू जर्सीत आमच्या गावच्या स्वयंसेवी फायर कंपनीत सात वर्षं जातोय. मूळचा इचलकरंजीचा.

इथं पहिल्याच दिवशी शिकवतात की मोठा बंब आगीच्या अलीकडं, तिरका लावायचा आणि पुढची चाकं माणसांच्या विरुद्ध दिशेला वळवून ठेवायची. मागून कुणी ठोकलं तर बंबाला बसेल आणि बंब आपल्या अंगावर येणार नाही. आपत्कालीन गाडी दिसली की लेन सोडायची हा कायदा सगळ्या ५० राज्यांत आहे. तरी माणसं मोबाईलवर शूटिंग करत अंगावर येतात. दोन वर्षांपूर्वी मी रहदारीच्या बाजूच्या दारानं उतरलो. सवयीनं. बाही घासून गाडी गेली. कॅप्टननं तिथंच सगळ्यांसमोर झापलं आणि घरी पाठवलं. फार लागलं होतं मनाला. काका, तुमचं वाचून आज त्याला मेसेज केला, थँक्यू म्हणून.

विजेवरच्या गाड्यांबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. विझली म्हणून सोडून येऊ नका. बॅटरी काही तासांनी, कधी काही दिवसांनीही पुन्हा पेटते. आमच्याकडं टो करून नेलेली गाडी यार्डात पेटली होती. दुसऱ्या गाड्यांपासून पन्नासेक फूट लांब ठेवायची. नारिंगी केबल दिसली की हात नाही, पहार तर अजिबात नाही.

टँकर_लाईन

मी २२ वर्षं टँकर चालवतो. जवान लोकांना हात जोडून सांगणं आहे, आधी पाटी वाचा. टँकरच्या बाजूला नि मागं चार आकडी नंबर असतो. १२०३ म्हणजे पेट्रोल, १०७५ म्हणजे गॅस, १२३० म्हणजे मेथेनॉल. लांबून वाचता येतो. बंबात दुर्बीण ठेवा, पाचशे रुपयांची चालते.

आमच्या लाईनमधल्या एकाचा मेथेनॉलचा टँकर कलंडला होता. भर दुपार. जवान आले, साधा फोम, म्हणजे आग विझवायचा फेस, मारला. मेथेनॉल साधा फोम खाऊन टाकतं, त्याला अल्कोहोलवर टिकणारा फोम लागतो. आणि दुपारच्या उन्हात त्याची ज्योत दिसत नाही. एक जवान चालत गेला, त्याला वाटलं नुसतं सांडलंय. गमबुटापर्यंत पेटला तेव्हा कळलं. ड्रायव्हर लांबून ओरडत होता, तो नंबर सांगत होता, पण जवान लोक ओरडले त्याच्यावर, बाजूला हो म्हणून. ड्रायव्हरचं ऐका हो. त्यालाच माहीत असतं पोटात काय आहे.

१३ जून २०२३ ला खंडाळ्याजवळ कुणे पुलावर टँकर पेटला तेव्हा जळतं रसायन पुलाखालच्या रस्त्यावर पडलं. चार जीव गेले त्या दिवशी, त्यात खालून जाणारी माणसं होती. पुलावरची वर्दी असली तर खालचा रस्ता पण बंद करायला लावा, पहिल्या मिनिटाला.

घाटपायथा

दादा, दुर्बिणीचं उद्याच साहेबांकडं मांडतो. पाचशे रुपये मीच घालीन.

सीएनजीचं राहिलं. सिलिंडरमध्ये २०० बार दाब असतो, गरम झाला की सुरक्षा प्लग वितळून गॅस सुटतो, मोठ्या शिट्टीसारखा आवाज. ती ज्योत विझवायला मी धावलो होतो नवीन असताना. विझली असती तर गॅस नुसता साचला असता. सीनियरनी मागं ओढलं, म्हणाले, जळू दे तिला, आजूबाजूचं गार कर.

सई_कऱ्हाडची

इथं प्रत्येकाला कुणीतरी मागं ओढलेलं आहे. सरदारजी, क्लीनर, कॅप्टन, सीनियर.

बंबवाला_काका

सगळं वाचलं, दोनदा. उत्तरं एकेकाला देईन, सध्या चष्मा ओला होतोय.

आज सकाळी दादांकडं गेलो होतो. ऐंशीला टेकलेत. ओसरीवर बसून अख्खा धागा वाचून दाखवला, माझं पहिलं धरून. तिथं आवाज अडकला. ते म्हणाले, "नळीचा पीळ तू माझ्या शेजारी उभा राहून काढत होतास. मला कसं माहीत नसेल?" अठ्ठावीस वर्षं झाली होती मला हे सांगायला. मग डाव्या हातानं माझा फोन घेतला, मेथेनॉलचं पुन्हा वाचायला लावलं. आणि विचारलं, "खंबाटकीला त्या पोरांनी बंब मागं घेतला का शेवटी?"

घेतला म्हटलं. तेव्हा कुठं सुनेला चहा टाकायला सांगितलं.

कुकरच्या_शिट्ट्या

काका, दादांना माझा नमस्कार सांगा. एक्स्टिंग्विशर आणला आज. सीटखाली कंस बसवायला मेकॅनिककडं आलेय, इथूनच लिहितेय.