दिवाळीच्या सुट्टीत काठमांडूला 'मुली सक्षम' करायला निघालेल्यांसाठी

कडूकारलं:
काल इथे एक आवाहन फिरत होतं. "दिवाळीच्या सुट्टीत दोन आठवडे काठमांडू. मानवी तस्करीच्या जोखमीत असलेल्या १४ ते २० वयाच्या मुलींसाठी जीवनकौशल्य कार्यशाळा घ्या. अनुभवाची गरज नाही, मन मोठं हवं. हिंदी चालते. शुल्क ६५ हजार, विमान वेगळं." खाली बदामांचा पाऊस. म्हणून लिहितोय, लांबेल.

आधी तारखा. आपली दिवाळी म्हणजे त्यांचा तिहार, त्याच्या थोडं आधी दसैं, म्हणजे आपला दसरा. या मुली संस्थेच्या निवासगृहात राहतात. त्यांच्यातल्या ज्यांना घर उरलंय त्या या दिवसांत घरी जातात. मागे राहतात त्या ज्यांना न्यायला कोणी आलं नाही. त्यांच्या हातात स्केचपेन देऊन "तुझं स्वप्न रेखाट" म्हणायचं? तारखा मुंबईच्या कॉलेजांची सुट्टी बघून ठरल्यात, इतकं सरळ आहे.

मग वय. चौदाची मुलगी आणि विशीतली तरुणी एका गोलात बसवली की धाकटी गप्प बसते आणि थोरली कंटाळते. गर्भनिरोधनाचा विषय धाकटीसमोर थोरली काढत नाही, मासिक पाळीच्या शंका थोरलीसमोर धाकटी विचारत नाही. किमान दोन गट, प्रत्येकी १२ ते १५. त्याहून मोठा गट झाला की ते भाषण होतं.

दुभाषी असेल तर ९० मिनिटांच्या सत्रात कामाची ४५ मिनिटं उरतात. आणि दुभाषी बहुतेक वेळा निवासगृहाची अधीक्षिकाच असते. तिच्या तोंडून "इथे तुम्हाला काय आवडत नाही?" असा प्रश्न आला की उत्तर ठरलेलं: सगळं छान आहे.

खेळ तर विचारूच नका. डोळे बांधून मागे पडायचं, 'कुटुंबाचं झाड' काढायचं, आईला पत्र लिहायचं. ज्या मुलीला आईच्या ओळखीतल्याच माणसाने विकलं, ती त्या झाडाच्या फांदीवर कोणाचं नाव लिहिणार?

घाटकोपरची_घंटा:
झालं? तुमचं नेहमीचंच. कोणी काही करायला निघालं की आधी दहा चुका काढायच्या.

एक बाजू तुम्ही सोईस्कर विसरलात. बाहेरून आलेल्या बाईच्या हातात त्या मुलीची फाईल नसते. ती तिचा शेरा लिहीत नाही, तिची सुट्टी रद्द करत नाही. म्हणूनच पगार किती मागायचा, मालकाने पासपोर्ट ठेवून घेतला तर काय, हे प्रश्न मुली पाहुणीला विचारतात, अधीक्षिकेला नाही. आखाती देशांत घरकामाला जाणाऱ्या नेपाळी मुलींसाठी हेच तर जीवनकौशल्य. अधीक्षिकेला खोलीबाहेर बसवा आणि दुभाषी दुसऱ्या संस्थेतून आणा. त्यासाठी अख्खा उपक्रम मोडीत कशाला?

चाळकरी:
काठमांडू कशाला? मानखुर्दचं बालगृह हार्बर लाइनवर आहे. डोंगरीचं तर सीएसएमटीपासून चालत. इथल्या मुली दिसत नाहीत का? की तिथे डोंगर आहेत आणि फोटो चांगले येतात?

घाटकोपरची_घंटा:
@चाळकरी, इथल्या बालगृहात जायला महिला व बालविकास विभागाची परवानगी लागते, पोलीस पडताळणी लागते, फोटो तर काढताच येत नाही. बाल न्याय अधिनियम २०१५, कलम ७४: मुलाची ओळख उघड केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

कडूकारलं:
धन्यवाद, माझा मुद्दा तुम्हीच मांडलात. इथे जे करू देत नाहीत ते तिथे ६५ हजार देऊन करता येतं, म्हणून तिथे.

आणि चाळकरी, 'इथे का नाही' हे ठीक, पण मुंबईचा आणि त्या मुलींचा संबंध काय ते तरी माहीत असू द्या. फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबईच्या वेश्यावस्तीवर मोठ्या धाडी पडल्या. सुटलेल्यांत शंभरावर नेपाळी मुली होत्या. त्यांचं सरकार परत घ्यायला टाळाटाळ करत होतं, शेवटी तिथल्या संस्थांनी नेलं. त्यांच्यातल्याच काही जणींनी 'शक्ति समूह' ही संस्था काढली. २०१३ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला. 'हिंदी चालते' म्हणताना हे लक्षात असू द्या. मुंबईहून परत गेलेल्या बाईला हिंदी येतेच. ती हिंदी तिने कुठे, कोणाच्या तोंडून ऐकली याचा विचार करा. शिवाय काठमांडूजवळच्या सिंधुपाल्चोक, नुवाकोट जिल्ह्यांतल्या बऱ्याच मुलींची घरची भाषा तामाङ.

सुईदोरा:
एवढं तात्त्विक कशाला? हाताला काम द्या. कापडी पॅड शिवायला शिकवा. मंगलदास मार्केटमधून सुती फ्लॅनेल न्या, एका दिवसात प्रत्येकीचे सहा पॅड तयार. यात भाषा लागत नाही.

टाकेवाली:
@सुईदोरा, एका दिवसात सहा? मशिनी किती? बारा मुली आणि तीन मशिनी म्हटलं तर ७२ पॅड. एक पॅड कापून, थर जोडून, टिच बटण लावेपर्यंत शिकाऊ हाताला पाऊण तास सहज. करा हिशेब. दिवसाला प्रत्येकी दोन झाले तरी खूप.

आणि कापड आधी भिजवून वाळवलं नाही तर पहिल्या धुण्यात आटतं आणि पॅड होडीसारखा वळतो.

सुईदोरा:
ते सगळ्यांना माहीत असतं हो. वरचा थर फ्लॅनेल, मध्ये टॉवेलच्या कापडाचे दोन-तीन थर, खाली रेनकोटचं कापड. लांबी २५ सेंमी, रात्रीसाठी ३०.

टाकेवाली:
रेनकोटचं कापड! त्यातून हवा जात नाही, पुरळ उठतं. खाली पीयूएल कापड (पाणी अडवणारं, पण थोडी हवा जाऊ देणारं) हवं, त्याला सोळा नव्हे तर अकरा नंबरची बारीक सुई आणि पॉलिएस्टर दोरा. आणि मधोमध टीप मारायची नाही. थर सरकू नयेत म्हणून सगळे नवशिके तिथेच मारतात, आणि गळती सुईच्या भोकांतूनच होते. टीप फक्त कडेने.

घाटकोपरची_घंटा:
आपण मूळ विषयावर येऊ या का?

टाकेवाली:
हाच मूळ विषय आहे. पॅड शिवणं सोपं, वाळवणं अवघड. निवासगृहात चाळीस मुली, पाणी टँकरचं, दोरी एक, ती गच्चीवर आणि गच्चीला कुलूप. मग पॅड गादीखाली वाळतात, म्हणजे वाळतच नाहीत. ओलसर पॅड परत वापरला की खाज आणि संसर्ग. थंड पाण्यात आधी भिजवायचे (गरम पाण्याने डाग पक्का बसतो), साबणाने धुवायचे, उन्हात वाळवायचे. तिसऱ्या पायरीची किल्ली अधीक्षिकेकडे! कार्यशाळेआधी गच्ची, दोरी आणि बादल्यांचं बोला. ते जमत नसेल तर बाजारचे पॅड विकत घेऊन द्या, नाटक नको.

चाळकरी:
मानखुर्दला गच्चीचा प्रश्न नाही, सांगून ठेवतो.

कडूकारलं:
टाकेवालींनी एका दोरीत माझ्या सगळ्या परिच्छेदांचं काम केलं.

घंटाताई, पाहुणीचा मुद्दा अर्धा मान्य. अर्धाच! मुलीने पाहुणीला खरंच काही सांगितलं तर पुढे काय, हे त्या आवाहनात कुठे आहे? "कोणाला सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही. खोदून विचारायचं नाही. तिचे शब्द जसेच्या तसे लिहायचे आणि त्याच दिवशी संस्थेच्या बालसंरक्षण जबाबदार व्यक्तीला द्यायचे. तक्रार त्याच व्यक्तीबद्दल असेल तर? तिथे बालकांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे, योगायोगाने आपल्यासारखाच. महिलांसाठी मात्र ११४५. आपलं १८१ छापलेली पोस्टरं घेऊन जाल तर भिंत सजेल.

आणि 'बचत शिका' म्हणताना हेही बघा की नेपाळमध्ये १६ व्या वर्षी मिळणारं नागरिकता प्रमाणपत्र नसेल तर बँक, सिम, पासपोर्ट सगळंच अडतं. त्यासाठी मूळ गावच्या वॉर्ड कार्यालयाची शिफारस घेऊन जिल्हा प्रशासन कार्यालयात जावं लागतं. वडील अज्ञात असतील तर आईच्या नावाने मिळण्याचा मार्ग कायद्यात २०२३ च्या दुरुस्तीने आला, पण तसं लिहून द्यावं लागतं, आणि ते लिहायला आई सापडावी लागते. दोन आठवड्यांत यातली एक फेरीही होत नाही. त्या ६५ हजारांत तिथल्याच कार्यकर्तीचे एसटीसारख्या बसने कितीतरी हेलपाटे होतील.

घाटकोपरची_घंटा:
मग पैसे पाठवा आणि घरी बसा, असंच ना? सरळ म्हणा. निदान जाणारी तरुणी परत येऊन काही वाचेल, काही बोलेल. तुमच्यासारखी नुसती कळफलक बडवणार नाही.

तरी घ्या. दसैं-तिहार टाळून तारखा, दोन गट, बाहेरचा दुभाषी, फोटो बंद, आणि मुलींसमोर उभं राहण्याऐवजी पहिला आठवडा तिथल्या कर्मचाऱ्यांसोबत. आयोजकांना हे लिहून पाठवते. झालं समाधान?

कडूकारलं:
फोटो बंद म्हटल्यावर किती जणी नाव काढून घेतात तेही कळवा.

सुईदोरा:
टाकेवाली, पीयूएल मुंबईत किरकोळ कुठे मिळतं? मंगलदासमध्ये विचारलं की रेनकोटचंच दाखवतात.

टाकेवाली:
कापडी डायपर शिवणाऱ्यांना गाठा, ऑनलाइन मीटरवर विकतात. आणि तुमची सोळा नंबरची सुई आधी बदला.

सुईदोरा:
सोळा नंबर मी कुठे म्हटलं होतं?