टायटर आला म्हणजे आजार झाला असं नाही
प्राणिसंग्रहालयातल्या एका हरणाबद्दल कोणी म्हटलंय की त्याचा एमएटी (लेप्टोच्या जंतूंविरुद्धची रक्तातली प्रतिपिंडं मोजणारी चाचणी) टायटर, म्हणजे त्या प्रतिपिंडांचं प्रमाण, १:१०० आला, म्हणजे त्याला लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूजन्य आजार) झालाय. तसं नसतं. एवढ्यावरून जंतूंशी संपर्क येऊन गेला इतकंच कळतं; लस दिली असेल तर तेही नाही. दोन-तीन आठवड्यांनी दुसरा नमुना घ्या आणि पहिल्याचं उणे २० अंशांवर ठेवलेलं सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा पातळ भाग) त्याच्यासोबतच तपासा. टायटर चौपट वाढला तर संसर्ग ताजा. सिरिंजमधून रक्त नळीत जोरात सोडू नका. तांबड्या पेशी फुटतात, सीरम लाल होतं, नमुना वाया जातो आणि त्या जिवाला पुन्हा भूल द्यावी लागते. टायटर नसलेला प्राणीही लघवीतून जंतू सोडत असू शकतो, म्हणून लघवीची पीसीआर (जंतूंचा डीएनए शोधणारी चाचणी) कराच. हे जंतू उंदरांच्या लघवीतूनही पसरतात, तेव्हा खाद्याच्या कोठीतले उंदीर मात्र आजच आवरा.