दाब वाढवला की वायू विरघळतो, मुरतो की आणखी काही?

जुळेसोलापूरकर: भाचीच्या विज्ञान प्रदर्शनाचा फलक लिहितोय. हेन्रीचा नियम, १८०३. "तापमान तेच असेल तर द्रवातली वायूची विद्राव्यता त्या वायूच्या दाबाच्या समप्रमाणात असते." वडील म्हणाले, "विद्राव्य खत असतं रे, ठिबकमधून डाळिंबाला सोडायचं. गॅस कधीपासून विद्राव्य झाला?" सोपा शब्द सुचवा.

पूर्वभागवाली: सरळ 'विरघळणं' घ्या की. आमच्या घरच्या तेलुगूत बर्फही 'करुगु' आणि साखरही. त्यामुळं मी शाळेत 'बर्फ विरघळला' लिहायचे, बाई लाल रेघ ओढून 'वितळला' करायच्या.

गोटीसोडा: कन्नडमधी पण करगु, दोन्हीला. पण आजोबा गड्ड्यावर, म्हंजे सिद्धेश्वराच्या जत्रेत, सोडा विकायचे, ते 'मुरणं' म्हणायचे. गॅस सोडून बाटल्या गरागरा फिरवायच्या, मुरला पायजे. पाणी गारच लागतं, कोमट पाण्यात मुरत नाय.

काथ्याकूट: मुरलेलं परत येतं का? लोणच्यातलं मीठ फोड सोडून निघालेलं पाहिलंय कुणी? इथं झाकण काढलं, दाब उतरला की वायू फसफसून बाहेर. आणि विरघळणं ही क्रिया झाली. २५ अंशाला, एक वातावरण दाबाला लिटरभर पाण्यात कार्बन डायऑक्साइड साधारण दीड ग्रॅम मावतो, या आकड्याला नाव नको? विद्राव्यताच.

जुळेसोलापूरकर: मग मिठाला हा नियम का नाही?

काथ्याकूट: घन आणि द्रव आधीच दाटीत असतात, दाबून आकारमान फारसं घटत नाही. फरक नगण्य. म्हणून फलकावरचा 'वायूची' काढू नका.

पूर्वभागवाली: संस्कृतात विद्रावण म्हणजे पळवून लावणं, माहितीये ना? द्रु म्हणजे धावणं. तुमचा विद्राव्य वायू म्हणजे हाकलून देण्याजोगा!

काथ्याकूट: धातू बघून शब्द वापरायचे तर निम्मी मराठी टाकून द्यावी लागेल. द्रु म्हणजे वाहणंही, 'द्रव' त्यातूनच आला.

गोटीसोडा: मला तर विरघळणं हे 'विरणं'वरनंच आलंय वाटतं.

पूर्वभागवाली: विरते ती चादर! वापरून वापरून सूत झिजतं, पलीकडचं दिसायला लागतं. पाण्यात जातं का ते?

गोटीसोडा: चांगली चादर विरतच नाय. आमच्याकडं आजीच्या लग्नातली हाय.

काथ्याकूट: विरते आणि विटते यात गल्लत होतेय. विटतो तो रंग.

पूर्वभागवाली: पक्का रंग असेल तर तोही नाही. कुठून घेता तुम्ही?