आधी एन्कोडिंग बघा, मग ओळी बदला

परभणीच्या भाऊंनी विचारलंय, की विंडोजवर केलेली ऊस उत्पादकांची गावनिहाय यादी लिनक्सवर नेली तर ओळींच्या शेवटी ^एम का दिसतो. त्यावर कुणीतरी सेड (sed, मजकुरात शोधून बदल करणारी लिनक्सची कमांड) वापरून तो काढायची ओळ दिलीय, ती बरोबरच आहे. विंडोज ओळ संपवताना १३ आणि १० असे दोन बाइट (फाइलमध्ये साठवलेले ० ते २५५ मधले आकडे) टाकतं, लिनक्सला नुसता १० पुरतो. उरलेला १३ तिथं ^एम असा दिसतो, म्हणून तो काढायचा.

पण फाइलचं एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत, यूटीएफ-८ असेल तरच हे खरं! तिथं देवनागरीचा प्रत्येक बाइट १२८ किंवा त्याहून मोठा असतो, त्यामुळे अक्षरांना धक्का लागत नाही. जुन्या नोटपॅडमध्ये 'युनिकोड' निवडून सेव्ह केलेली फाइल मात्र यूटीएफ-१६ या दुसऱ्या एन्कोडिंगमध्ये असते. तिच्यात 'ऊ' म्हणजे १० आणि ९ हे दोन बाइट. बाइट बघून चालणाऱ्या स्क्रिप्टला 'ऊस' शब्द आला की ओळच संपली वाटते! 'ऍ' मध्ये तसाच १३ बसलाय. टीआर (tr, ठरावीक बाइट बदलणारी किंवा काढणारी) कमांडने सरसकट १३ उडवले, की बाइटांची जोडी मोडते आणि पुढचा मजकूर वाचता येत नाही.

म्हणून आधी 'फाइल' (file) नावाच्या कमांडने एन्कोडिंग तपासा, यूटीएफ-१६ निघालं तर आयकॉन्व्ह (iconv) या एन्कोडिंग बदलणाऱ्या कमांडने यूटीएफ-८ करून घ्या, मग सेड. मूळ फाइलची कॉपी ठेवा, हे सांगायला नकोच.

उलट्या दिशेचा, म्हणजे लिनक्सची फाइल विंडोजवर नेताना ओळी बदलायचा खटाटोप आता बहुतेक वेळा लागत नाही. २०१८ पासून विंडोज १० च्या नोटपॅडला लिनक्सच्या ओळी कळतात.