टर्बो नसलेल्या हॉट हॅचची ताकद कमी खर्चात कशी वाढवावी?

चौथा_गिअर
नमस्कार. माझी हॉट हॅच (लहान पण चपळ, ताकदवान हॅचबॅक) १.६ लिटरची, टर्बो नसलेली पेट्रोल गाडी आहे. कागदोपत्री ताकद १२० अश्वशक्ती आणि वजन सुमारे ११०० किलो. इंजिन उघडण्याइतका खर्च झेपणार नाही. तेव्हा कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर), फ्री-फ्लो एक्झॉस्ट (धूर कमी अडवणारा सायलेन्सर) आणि ईसीयू रीमॅप (इंजिनच्या संगणकातील सेटिंग बदलणे) यांपैकी आधी काय करावे आणि तिन्ही केल्यास वीसेक अश्वशक्ती वाढतील का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. गाडी रोजच्या वापरातली आहे.

टॉर्क_रेंच
वीस वाढतील असे कोणी छातीठोकपणे सांगत असेल, तर त्याच्याकडे कामाआधीचा आणि कामानंतरचा, एकाच डायनोवर (ताकद मोजण्याच्या यंत्रावर) काढलेला आलेख मागा. टर्बो इंजिनात रीमॅपने बूस्ट, म्हणजे टर्बोने आत दाबलेल्या हवेचा दाब, वाढवता येतो, म्हणून तिथे मोठे आकडे दिसतात. तुमच्या इंजिनात हवा वातावरणाच्या दाबानेच शिरते. रीमॅपच्या हाती उरते ते इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) आणि इंधनाचे प्रमाण, त्यामुळे पाच टक्के वाढ मिळाली तरी पुष्कळ झाली. थ्रॉटल तरतरीत होतो (पेडल दाबताच गाडी लगेच प्रतिसाद देते) आणि बरेच जण त्यालाच ताकद समजतात.

कोन फिल्टरबद्दल तर माझे मत वाईटच आहे. बॉनेटखाली उघडा बसवलेला कोन रेडिएटरमागची तापलेली हवा ओढतो. बाहेर ३० अंश सेल्सिअस असताना ५५ अंशांची हवा आत गेली, तर तिची घनता सुमारे साडेसात टक्क्यांनी घटते. आवाज तेवढा भारदस्त होतो. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातील नोंदी दाखवणारे उपकरण) लावून इनटेकचे तापमान स्वतःच पाहा. कंपनीचा एअरबॉक्स पुढून थंड हवा घेत असेल, तर त्यात नवा फिल्टर घालून तोच ठेवावा.

जुना_पिस्टन
१२० हा आकडा गाडी नवी असतानाचा आहे. आज त्यातले किती शिल्लक आहेत? आधी कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधला दाब मोजण्याची चाचणी) करून घ्या, प्लग काढून त्यांचा रंग आणि गॅप पाहा, थ्रॉटल बॉडीवरची काजळी साफ करा. गाडी जॅकवर घेऊन प्रत्येक चाक हाताने फिरवून पाहा, कारण ब्रेकचा अडकलेला कॅलिपर ताकद गुपचूप खात राहतो. एक्झॉस्टचा नुसता मागचा भाग बदलून फारसे काही मिळत नाही आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातील घातक वायू कमी करणारा भाग) काढणे अनेक देशांत बेकायदा आहे.

चौथा_गिअर
आभारी आहे. मग जुन्या बाजारातले टर्बो किट बसवणे कितपत शहाणपणाचे ठरेल?

टॉर्क_रेंच
मुळीच नाही. टर्बो नसलेल्या इंजिनांचा कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण) बहुधा जास्त असतो. त्यावर बूस्ट चढवला की नॉकिंग (इंधन अवेळी पेटून बसणारे ठोके) सुरू होते आणि पिस्टनवर बेतते. ते टाळायचे तर इंजेक्टर, इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा भाग), क्लच आणि नवे ट्यूनिंग हे सगळे ओघाने आलेच. वीस अश्वशक्ती हव्याच असतील, तर ही गाडी विकून मुळात टर्बो असलेली घेणे स्वस्त पडेल.

हलकी_गाडी
विकण्याच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. १९७६ च्या पहिल्या गोल्फ जीटीआयची ताकद ११० अश्वशक्तीच होती, पण वजन सुमारे ८१० किलो होते. तुम्ही ५० किलो उतरवलेत, तर ताकद आणि वजनाचे गुणोत्तर साडेपाचेक अश्वशक्ती वाढल्याइतके सुधारते, शिवाय ब्रेक आणि वळणे यांनाही त्याचा फायदा होतो. हलकी अलॉय चाके, डिकीतला जादा साउंड बॉक्स, गरज नसलेले सामान, अशी सुरुवात करा; स्टेपनी मात्र रोजच्या गाडीतून काढू नका. उरलेल्या पैशांत चांगले टायर घ्या आणि ब्रेक ऑइल बदला.